जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली : अडथळे, त्यांची कारणे व उपाय

मुंबई उपनगर जिल्ह्याचे नाव घेतले म्हणजे शेतीचे चित्र सहसा डोळ्यांसमोर उभे राहत नाही. तथापि अंधेरी, बोरिवली व कुर्ला या तीन तालुक्यांच्या जिल्ह्यात गोराई-मनोरीकडील वाड्या, गोरेगावच्या आरे दुग्ध वसाहतीतील गोठे, वर्सोवा व मढ येथील कोळीवाडे आणि मुलुंड-घाटकोपरपर्यंत विखुरलेल्या लहानमोठ्या रोपवाटिका आजही आपले अस्तित्व राखून आहेत. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीसमकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतल्यामुळे येथील मच्छीमार संस्थाही आता कृषिविस्ताराच्या कक्षेच्या अधिक जवळ आल्या आहेत.

या सर्वांचे हिशेब एके काळी लाल बांधणीच्या वह्यांत असत. आज ते संगणकात असतात. सभासदांचे भाग, दुधाची नोंद, माशांच्या विक्रीचा हिशेब, नौकांच्या डिझेलवरील कर-प्रतिपूर्तीचे कागद, रोपांच्या मागण्या, हे सारे कार्यालयाच्या कोपऱ्यातील एका पेटीत साठलेले असते आणि ती पेटी बहुधा आठ-दहा वर्षांची जुनी असते. वही जीर्ण झाली तर ते डोळ्यांस दिसते. संगणक जीर्ण झाला तर तो बंद पडेपर्यंत कळत नाही. यास्तव जुन्या संगणकाची कार्यप्रणाली केव्हा बदलावी, बदलताना कोणते अडथळे येतात आणि ते कसे दूर करावे, याचे ज्ञान संस्थेच्या चिटणीसास व हिशेबनिसास असणे आवश्यक आहे.

कार्यप्रणाली जुनी होते म्हणजे काय?

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे हिशेबाचे कार्यक्रम यांच्यामध्ये जी व्यवस्था काम करते तिला ऑपरेटिंग सिस्टिम अर्थात कार्यप्रणाली म्हणतात. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर आणणे, नोंद तबकडीवर लिहिणे, ती छपाईयंत्राकडे पाठविणे ही सर्व कामे तिच्यामार्फत होतात. आपल्याकडील बहुतेक कार्यालयांत मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही कार्यप्रणाली वापरात आहे.

कार्यप्रणाली लोखंडाप्रमाणे गंजत नाही. तिच्यातील उणिवा मात्र कालांतराने उघडकीस येतात आणि त्या बुजविण्यासाठी निर्माती कंपनी वेळोवेळी दुरुस्त्या पाठविते. एका ठरावीक दिवसानंतर या दुरुस्त्या थांबतात. विंडोज एक्स-पीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ च्या १४ जानेवारी २०२० रोजी, विंडोज ८.१ च्या १० जानेवारी २०२३ रोजी आणि विंडोज १० च्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या जादा दुरुस्त्यांची योजना कंपनीने जाहीर केली. ती मुदत तयारीसाठी आहे, स्वस्थ बसण्यासाठी नाही.

दुरुस्त्या थांबल्यावर संगणक दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही, आणि म्हणूनच या गोष्टीकडे दुर्लक्ष होते. दुर्लक्षाचा परिणाम काय होतो हे २०१७ साली जगाने पाहिले. त्या वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर विषाणू दीडशेहून अधिक देशांत पसरला. ज्या उणिवेतून तो शिरला तिची दुरुस्ती कंपनीने १४ मार्च रोजीच, म्हणजे सुमारे दोन महिने आधी, दिली होती. बाधित झालेले बहुसंख्य संगणक विंडोज ७ चे होते. त्यांना दुरुस्ती उपलब्ध होती. ती बसविलेली नव्हती, एवढाच त्यांचा दोष. त्यानंतर २७ जून रोजी नॉटपेट्या नावाचा दुसरा विषाणू पसरला आणि त्याच्या तडाख्यात मर्स्क या नौवहन कंपनीचे जगभरचे संगणक सापडले. मुंबईच्या पलीकडील किनाऱ्यावर, न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम त्यामुळे विस्कळीत झाले. याच बंदरातून महाराष्ट्राची द्राक्षे व कांदा परदेशी जातो, हे येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही.

त्या प्रसंगातील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. कंपनीच्या जाळ्याचा मुख्य आधार असलेल्या सर्व्हरांच्या प्रती ठिकठिकाणी होत्या, परंतु त्या एकमेकींस जोडलेल्या असल्याने साऱ्याच नष्ट झाल्या. आफ्रिकेतील घाना देशाच्या कार्यालयात मात्र त्या वेळी वीज गेलेली असल्यामुळे तेथील प्रत संपर्काबाहेर राहिली व वाचली. त्या एका प्रतीवरून पुढे सर्व जाळे पुन्हा उभे करण्यात आले. जोडलेल्या दहा प्रतींहून न जोडलेली एक प्रत अधिक मोलाची, हा त्याचा अर्थ.

पहिले काम : बियाणे राखून ठेवणे

शेतकरी कितीही अडचणीत असला तरी पुढील हंगामाचे बियाणे वेगळे काढल्याशिवाय कणगीस हात लावीत नाही. कार्यप्रणाली बदलण्यापूर्वी संस्थेच्या नोंदींची प्रत काढून ठेवणे हे त्याच स्वरूपाचे काम होय. बदल करताना संगणक बिघडला तर दुसरा विकत घेता येतो. दहा वर्षांचा हिशेब बाजारात मिळत नाही.

प्रत दोन ठिकाणी असावी. एक बाहेरून जोडावयाच्या तबकडीवर किंवा पेनड्राइव्हवर घेऊन ती सोडवून कपाटात ठेवावी. दुसरी कार्यालयाबाहेर अन्यत्र असावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतील असंख्य तळमजले पाण्याखाली गेले. संगणक व त्याची प्रत एकाच तळघरात असती तर दोन्ही एकाच वेळी गेली असती. त्यामुळे दुसरी प्रत वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या वस्तीत ठेवावी.

प्रत काढली म्हणजे काम संपले असे समजू नये. उगवणक्षमता तपासल्याशिवाय बियाणे पेरू नये, त्याप्रमाणे प्रत उघडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. ती दुसऱ्या संगणकावर उघडावी, चालू वर्षाची एखादी खतावणी काढावी आणि अखेरची शिल्लक मूळ संगणकावरील शिलकेशी ताडून पाहावी. शिल्लक जुळली तरच प्रत खरी. शिवाय सभासदांच्या शिलकांचा गोषवारा कागदावर छापून चिटणीसांच्या सहीने ठेवल्यास पुढे वाद उद्भवत नाही.

यंत्र बदलास योग्य आहे काय?

विंडोज ११ ही कार्यप्रणाली ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आली. तिला किमान ४ गिगाबाइट स्मृती, ६४ गिगाबाइट साठवण, सुरक्षित आरंभाची सोय असलेला यू-ई-एफ-आय प्रकारचा आरंभकार्यक्रम आणि टी-पी-एम २.० ही सुरक्षाचकती लागते. इंटेल कंपनीचा प्रक्रियक असल्यास तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढील असावा लागतो. पिढी ओळखणे सोपे आहे. 'आय-५-७४००' यातील शेवटच्या चार अंकांपैकी पहिला अंक ७, म्हणून तो सातव्या पिढीचा. 'आय-५-८४००' हा आठव्या पिढीचा. पाच अंकी क्रमांक असेल, उदाहरणार्थ १०४००, तर पहिले दोन अंक पिढी दाखवितात. २०१७ च्या मध्यापूर्वी घेतलेले बहुतेक संगणक या कसोटीस उतरत नाहीत.

कंपनीचा 'पीसी हेल्थ चेक' हा तपासणी-कार्यक्रम चालविल्यास संगणक योग्य आहे की नाही, आणि नसल्यास कोणत्या कारणाने नाही, हे काही मिनिटांत कळते. टी-पी-एम नाही असा शेरा आल्यास लगेच निराश होऊ नये. अनेक संगणकांत ती सोय असते परंतु बंद ठेवलेली असते. आरंभकार्यक्रमाच्या मांडणीत जाऊन ती चालू करता येते. मात्र जुन्या पद्धतीचा आरंभ बदलून यू-ई-एफ-आय करावयाचा असेल तर आधी तबकडीच्या विभागणीची पद्धत बदलावी लागते. तसे न करता केवळ मांडणी बदलल्यास संगणक सुरूच होत नाही. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

विंडोज ७ वरून विंडोज ११ वर थेट, नोंदी व कार्यक्रम जागच्या जागी ठेवून जाता येत नाही. नवी प्रणाली कोऱ्या तबकडीवर बसवावी लागते. विंडोज १० वरून मात्र, यंत्र योग्य असल्यास, सर्व जागच्या जागी ठेवून बदल करता येतो. अशा बदलाच्या वेळी जे अडथळे येतात त्यांचा विचार पुढे केला आहे.

त्रुटीचा क्रमांक वाचावा

बदल अर्ध्यावर अडतो, संगणक पुन्हा जुन्या स्थितीत येतो आणि पडद्यावर एक क्रमांक उमटतो. बहुतेक जण तो न वाचताच पडदा बंद करतात आणि पुन्हा तोच प्रयत्न करतात. किंवा शेजारचा कोणी सांगेल ते उपाय करू लागतात. याचा परिणाम रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा होतो. पानावरील ठिपका कवकाचा की किडीचा हे ठरविल्याशिवाय फवारणी करीत नाहीत. तसा क्रमांक लिहून घेतल्याशिवाय दुसरा प्रयत्न करू नये.

हे क्रमांक पडद्यावर रोमन लिपीत व 'शून्य-एक्स' या चिन्हांनी सुरू होऊन दिसतात. येथे ते नागरीत, आरंभीची चिन्हे वगळून दिले आहेत.

८००७००७० — तबकडीवर जागा अपुरी. नव्या प्रणालीस उतरण्यासाठी किमान वीस-पंचवीस गिगाबाइट मोकळी जागा असावी. तात्पुरत्या फायली, जुन्या दुरुस्त्यांचे अवशेष व कचरापेटी रिकामी करावी. जागेसाठी हिशेबाच्या फायली पुसण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

सी१९००१०१ — चालक कार्यक्रमाचा दोष. छपाईयंत्र, स्कॅनर, बोटाच्या ठशाचे यंत्र इत्यादींना चालविणारे लहान कार्यक्रम असतात. त्यांपैकी एखादा जुना असल्यास हा क्रमांक येतो. पडदा, कळफलक व माउस यांखेरीज सर्व उपकरणे सोडवावी, त्यांचे जुने चालक काढून टाकावे, बाहेरचा विषाणूरोधक कार्यक्रम असल्यास तोही काढावा व मग पुन्हा प्रयत्न करावा.

सी१९००२०८ — विसंगत कार्यक्रम. नव्या प्रणालीशी न जुळणारा एखादा कार्यक्रम संगणकात आहे. तो बहुधा जुना विषाणूरोधक किंवा जुना हिशेब-कार्यक्रम असतो. तो काढण्यापूर्वी त्यातील नोंदी अन्यत्र नेल्या आहेत याची खात्री करावी.

सी१९००२०० — यंत्र किमान गरजा पुरी करीत नाही. येथे प्रयत्नांची पुनरावृत्ती व्यर्थ होय.

८००एफ०९२२ — राखीव विभागात जागा नाही अथवा कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क होत नाही. विंडोज ७ च्या काळातील संगणकांत हा राखीव विभाग अवघा १०० मेगाबाइटचा असे. खासगी जोडणी (व्ही-पी-एन) चालू असल्यास ती आधी बंद करून पाहावे.

८००७३७१२ — प्रणालीच्या स्वतःच्या फायली खराब किंवा गहाळ. प्रणालीत अंगभूत असलेली 'डिझम' ही दुरुस्ती आधी व 'एस-एफ-सी' ही तपासणी नंतर चालवावी. तबकडीच खराब होत चालली असेल तर या दुरुस्त्या टिकत नाहीत; अशा वेळी तबकडी बदलावी.

८००७२एफ८एफ — सुरक्षित संपर्क जुळत नाही. याचे कारण बहुधा अगदी साधे असते : संगणकातील तारीख चुकलेली असते. संगणकाच्या मुख्य फलकावर सी-आर-२०३२ या क्रमांकाची नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली म्हणजे वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडेनाशी होतात. थोड्या खर्चाची ही बॅटरी बदलल्याने अनेक 'बिघडलेले' संगणक पूर्ववत चालू लागतात. तारीख बरोबर असूनही हा क्रमांक आला तर जुन्या प्रणालीस नवी सुरक्षापद्धती येत नाही असे समजावे.

सी१९००१०७ — मागील प्रयत्नाची साफसफाई अपुरी. संगणक एकवार पूर्ण बंद करून चालू करावा व मग पुढे जावे.

पुष्कळदा पहिल्या क्रमांकानंतर आडवी रेघ देऊन दुसरा क्रमांक येतो, जसे सी१९००१०१-२००१७ किंवा सी१९००१०१-३००१८. या दुसऱ्या क्रमांकाचा पहिला अंक काम कोणत्या टप्प्यात अडले हे सांगतो. १ असल्यास जुनी प्रणाली चालू असतानाच. २ असल्यास फायली उतरविण्याच्या मधल्या टप्प्यात. ३ असल्यास नव्या प्रणालीच्या पहिल्या आरंभात. आणि ४ असल्यास दुसऱ्या आरंभात, म्हणजे वापरकर्त्यांची माहिती स्थलांतरित होताना. दुरुस्त करणाऱ्यास दोन्ही क्रमांक दिल्यास त्याचा अर्धा वेळ वाचतो.

एका वेळी एकच बदल

समजा, एका दूध संस्थेचा २०१९ साली घेतलेला संगणक आठव्या पिढीचा आहे. तपासणी-कार्यक्रम त्यास योग्य ठरवितो. तरी तीनदा प्रयत्न करूनही काम सी१९००१०१-३००१८ येथे अडते. दुसऱ्या भागातील ३ हा अंक सांगतो की फायली नीट उतरल्या, पण पहिल्या आरंभात अडचण आली. पहिला भाग चालकाकडे बोट दाखवितो. हिशेबनिसाने उपकरणांची यादी केली असता असे दिसते की पावत्या छापण्याचे एक जुने ठिपके-छपाईयंत्र पूर्वीच मोडीत निघाले आहे, परंतु त्याचा चालक मात्र संगणकात तसाच राहिला आहे. तो काढून पुन्हा प्रयत्न करावा. काम झाले तर कारण निश्चित झाले. झाले नाही तर तीच एक शंका दूर झाली, आणि पुढील उपकरणाकडे वळता येते.

येथे महत्त्वाची गोष्ट ही की एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत तारखेसह टिपावा. पाच उपाय एकदम केल्यास गुण कशाने आला हे कळत नाही, आणि अपाय झाल्यास तो कशाने झाला हेही कळत नाही. खतांची चाचणी घेताना एक वाफा बिनखताचा राखतात, ते याच कारणाने.

बदल चालू असताना वीज जाणे हे सर्वांत घातक होय. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व उपनगरांतील वीज एकाएकी गेली आणि लोकलगाड्याही थांबल्या. जेथे विजेचा खंड विरळा तेथेही तो येऊ शकतो, हे त्या दिवशी दिसून आले. म्हणून बदलाचे काम यू-पी-एस जोडल्याशिवाय करू नये, पावसाळ्यातील वादळी दिवशी करू नये, आणि हिशेबाच्या अखेरीच्या आठवड्यात तर मुळीच करू नये.

बदल यशस्वी झाल्यावर जुनी प्रणाली 'विंडोज-ओल्ड' या नावाने काही काळ संगणकातच राहते व दहा दिवसांच्या आत मागे फिरता येते. त्यानंतर ती सोय संपते. सबब या दहा दिवसांतच हिशेब, छपाई, शासकीय संकेतस्थळे व बँकेचे व्यवहार ही सर्व कामे एकेकदा करून पाहावी. ही सोय म्हणजे प्रत नव्हे, हे मात्र विसरू नये.

जुने मराठी लेखन व जुने कार्यक्रम

मराठी कार्यालयांपुढे आणखी एक अडचण उभी राहते आणि तिचा क्रमांक कोणत्याही पडद्यावर उमटत नाही. बदल निर्विघ्न पार पडतो, संगणक झपाट्याने चालतो, परंतु जुने ठराव व सभासदांची यादी उघडली असता मराठीऐवजी रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी दिसते. पुष्कळ जणांना वाटते की फायली खराब झाल्या. त्या खराब झालेल्या नसतात. युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या अक्षरसंचांत संगणक रोमन अक्षरांचेच संकेत साठवीत असे. त्यांना नागरीचे रूप अक्षरसंच देत असे. नव्या प्रणालीत तो अक्षरसंच नसल्यास रूप नाहीसे होते, संकेत तसेच राहतात.

यावरील उपाय बदलापूर्वी करावयाचा आहे. जुन्या संगणकातील अक्षरसंचांची पूर्ण पेटी प्रतीबरोबर जतन करावी व नव्या प्रणालीत ती पुन्हा बसवावी. त्यानंतर महत्त्वाचा मजकूर सवडीने युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. रूपांतरानंतर ऱ्हस्व वेलांटी व रफार यांची विशेष तपासणी करावी. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी जशी हाताने लिहितात तशी अक्षराच्या आधी साठविली जाई. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर साठविली जाते. रूपांतरात ती भलत्याच अक्षरावर चढू शकते आणि सभासदाचे नाव बदलून जाते. कर्जाच्या किंवा अनुदानाच्या कागदावर नावातील अशी चूक सभासदास महाग पडते.

हिशेबाच्या जुन्या कार्यक्रमांचेही असेच आहे. डॉसच्या काळी फॉक्सप्रोमध्ये लिहून घेतलेले कार्यक्रम काही संस्थांत अद्याप चालतात. हे कार्यक्रम चौसष्ट बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ चौसष्ट बिटांखेरीज दुसऱ्या स्वरूपात मिळतच नाही. अशा संस्थेने बदलापूर्वी त्या कार्यक्रमातील नोंदी तक्त्यांच्या स्वरूपात काढून घ्याव्या. 'डी-बी-एफ' प्रकारच्या फायली लिब्रे ऑफिस या विनामूल्य कार्यक्रमात उघडतात. त्यांतील आकडे तत्काळ वाचता येतात. मराठी नावे मात्र जुन्या संकेतांत असल्यास त्यांचे वेगळे रूपांतर करावे लागते.

बदल शक्य नसेल तर

आता वर्सोव्याच्या बाजूची एखादी मच्छीमार संस्था घेऊ. तिचा संगणक २०१४ चा, चौथ्या पिढीचा. त्यावर बत्तीस बिटांचे विंडोज १० व डॉसचा हिशेब-कार्यक्रम आहे. येथे विंडोज ११ चा प्रयत्न करणे म्हणजे खडकावर नांगर घालणे होय. आवश्यकता टाळून ते बळेच बसविण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, परंतु अशा यंत्रास पुढील दुरुस्त्या मिळतीलच अशी हमी कंपनी देत नाही. संस्थेच्या हिशेबास असा धोका पत्करू नये.

अशा संस्थेपुढे तीन मार्ग आहेत. पहिला, जुन्या संगणकाची इंटरनेटची तार काढून तो केवळ जुने हिशेब पाहण्यासाठी ठेवणे आणि संकेतस्थळांच्या व बँकेच्या कामासाठी दुसरा, योग्य पिढीचा संगणक घेणे. जुन्या यंत्रात बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्याविना घालू नये, अन्यथा तार काढल्याचा उपयोग नाही. दुसरा मार्ग, त्याच यंत्रात लिनक्स वर्गातील विनामूल्य कार्यप्रणाली बसविणे. सी-डॅक या केंद्र शासनाच्या संस्थेने तयार केलेली 'बॉस' ही प्रणाली याच वर्गातील असून तीत भारतीय भाषांची सोय आहे. लेखन, तक्ते व संकेतस्थळे यांसाठी ती पुरते. मात्र डिजिटल स्वाक्षरीचे साधन व छपाईयंत्र तीवर चालते की नाही हे आधी पाहावे. तिसरा मार्ग, नवा संगणक घेऊन जुना निकालात काढणे. तसे करताना तबकडीवरील माहिती पूर्ण पुसावी आणि यंत्र भंगारवाल्यास न देता अधिकृत ई-कचरा केंद्रास द्यावे.

यंत्र योग्य असेल तेथेही एक युक्ती फार उपयोगी पडते. जुन्या तबकडीवरच बदल करण्याऐवजी नवी एस-एस-डी विकत घेऊन नवी प्रणाली तीवर बसवावी आणि जुनी तबकडी जशीच्या तशी काढून, तारीख लिहून, कपाटात ठेवावी. काही बिघडले तर जुनी तबकडी पुन्हा बसवून त्याच दिवशी काम चालू करता येते. संगणकाचा वेगही त्यामुळे वाढतो.

सावधगिरीच्या काही गोष्टी

नवी प्रणाली कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावी. त्यासाठी ८ गिगाबाइटचा रिकामा पेनड्राइव्ह पुरतो. कोणी फुकट देऊ केलेली 'तोडलेली' प्रत घेऊ नये, कारण तिच्याबरोबर काय येईल याचा भरवसा नसतो. 'तुमचा संगणक जुना झाला आहे, आम्ही दुरून दुरुस्त करून देतो' असा दूरध्वनी आल्यास कोणताही संकेतांक सांगू नये व कोणताही कार्यक्रम उतरवून घेऊ नये. पैसे गेल्यास विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

सारांश, कामाचा क्रम असा असावा. प्रथम प्रत काढावी व शिलकेने ती पडताळावी. नंतर यंत्राची पिढी व योग्यता पाहावी. जुने कार्यक्रम, चालक व अक्षरसंच यांची यादी करावी. तारीख, मोकळी जागा व यू-पी-एस पाहून मगच कामास हात घालावा. अडथळा आल्यास क्रमांक टिपावा, त्यावरून कारण ठरवावे आणि एका वेळी एकच उपाय करावा. पहिल्या दहा दिवसांत सर्व कामे तपासावी. आणि यंत्र योग्य नसेल तर हट्ट न धरता जुन्या संगणकाची तार काढावी.

ज्या सभासदाने पहाटे दूध घातले, ज्याने रात्र समुद्रावर काढून मासळी आणली, त्याच्या कष्टाची नोंद त्या पेटीत आहे. ती नोंद त्याला संकेतस्थळावर दिसत नाही, त्रुटीचा क्रमांक त्याला वाचता येत नाही. तो चिटणीसाच्या शब्दावर विश्वास ठेवतो. कार्यप्रणाली बदलण्याच्या दिवशी कपाटात पडताळलेली एक प्रत असणे, एवढ्यानेच तो विश्वास राखला जातो.